कचेरींतील संगणकाची डागडुजी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना वाटलें असेल कीं, हा तर कचेरींतले संगणक सांभाळणाऱ्या माणसाचा विषय. आम्हां घरच्या मंडळींचा त्याच्याशीं काय संबंध? परंतु ज्या पतसंस्थेंत आपली ठेव आहे, ज्या कारखान्याच्या कांट्यावर आपल्या उंसाचें वजन होतें, ज्या शाळेंत आपल्या मुलांच्या दाखल्यांची नोंद आहे, तेथला सगळा व्यवहार आज त्या एका माणसाच्या दक्षतेवर चालतो. तो आपलें काम कसें करतो, किंवा कसें करीत नाहीं, हें आपणांस थोडेंफार ठाऊक असलेलें बरें.

आपल्याच जिल्ह्यांत नेवासे तालुक्यांत शनि-शिंगणापूर आहे. तेथें घरांना दारें-कुलपें नसावयाचीं, अशी परंपरा. २०११ सालीं युको बँकेनें तेथें शाखा उघडली, तेव्हां ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून तिचा देशभर गाजावाजा झाला. परंतु शाखेला काचेचें दार आहे, आणि त्या दाराला सहज डोळ्यांना न दिसणारें, दुरून चालवावयाचें विजेचें कुलूपही आहे, हेंही वृत्तपत्रांत आलें होतें. गांवाची श्रद्धा राखली आणि ठेवीदारांचा पैसाही राखला! मला त्या बँकेचें कौतुक वाटतें तें एवढ्याचसाठीं. आपल्या पुष्कळशा कचेऱ्यांतून नेमका उलटा प्रकार दिसतो. बाहेरच्या दाराला दोन दोन कुलपें, रात्रीचा राखणदार, कोपऱ्याकोपऱ्यांत कॅमेरे. आणि टेबलावरच्या संगणकाचें दार मात्र सताड उघडें.

हें दार कोठें असतें, तें आधीं सांगतों. संगणक चालूं केला कीं पहिल्यानें जी व्यवस्था जागी होते आणि बाकीच्या सर्व कार्यक्रमांना कामाला लावते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही त्यांतली आपल्या कचेऱ्यांतून सर्वांत परिचित. अशी प्रणाली म्हणजे कोट्यवधि ओळींचें लिखाण. आणि एवढ्या लिखाणांत चुका राहावयाच्याच. त्यांतल्या कांहीं चुका अशा असतात कीं, त्या फटींतून परका मनुष्य आंत शिरूं शकतो. अशी फट लक्षांत आली म्हणजे कंपनी ती बुजविण्याचा तुकडा पाठविते. यालाच आपण अपडेट म्हणतों. पडद्याच्या कोपऱ्यांत ती सूचना येते, आणि आपला कारकून “नंतर आठवण करा” या शब्दांवर बोट ठेवून मोकळा होतो.

या ‘नंतर’ मध्येंच सगळा घोटाळा आहे. दुरुस्ती जाहीर झाली कीं धोका संपला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ज्यानें ती बसविली नाहीं त्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो. कारण चोरही ती दुरुस्ती उतरवून घेतो, जुनें लिखाण व नवें लिखाण शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहतो, आणि फट कोठें होती हें त्याला आयतें समजतें. मग दुरुस्ती न केलेलीं घरें हुडकीत फिरणें एवढेंच त्याचें काम उरतें.

याचें मोठें उदाहरण २०१७ सालचें आहे. मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधली एक फट १४ मार्चला बुजविली होती. १२ मे रोजीं, म्हणजे एकुणसाठ दिवसांनीं, त्याच फटींतून ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर कार्यक्रम दीडशेंहून अधिक देशांतील संगणकांत शिरला. कागदपत्रें कुलूपबंद करावयाचीं आणि किल्लीसाठीं पैसे मागावयाचे, हा त्याचा धंदा. इंग्लंडांतील सरकारी इस्पितळांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पुढें महिना-दीड महिन्यानें, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्यानें आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीच्या समूहाकडून चालणाऱ्या धक्क्याचें काम बंद पाडलें. नॉटपेट्या ज्या वाटांनीं पसरला, त्यांतली एक वाट मार्चमध्यें बुजविलेली तीच जुनी फट होती. तीन महिन्यांनंतरही ती पुष्कळ ठिकाणीं उघडीच राहिलेली!

एवढें ऐकून कोणी म्हणेल, मग आलेलें प्रत्येक अपडेट त्याच क्षणीं सगळ्या यंत्रांवर बसवावें. तर तसेंही नाहीं. नॉटपेट्याचीच गोष्ट पुढें सांगतों. तो प्रथम शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. दुरुस्ती आणणाऱ्या गड्याच्या पिशवींतच चोरानें आपलीं हत्यारें लपविलीं होतीं. आणि १९ जुलै २०२४ ची सकाळ तर आपल्यापैकीं कित्येकांना आठवत असेल. त्या दिवशीं क्राउडस्ट्राइक या, संगणकांची राखण करणाऱ्याच कंपनीनें एक सदोष अपडेट सोडलें. आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं पावणेदहाच्या सुमारास तें निघालें आणि अकराच्या आंत तें मागेंही घेतलें गेलें. परंतु सव्वा तासांत जगांतले सुमारें ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून निपचित पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. त्यांतले पुष्कळसे संगणक एकेकापुढें माणूस बसवून उठवावे लागले.

तेव्हां घाईही नको आणि दिरंगाईही नको. याचा मेळ कसा घालावयाचा? येथें थोडें तपशिलांत शिरतों.

मायक्रोसॉफ्टचीं महत्त्वाचीं अपडेटें दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं निघतात. तिकडे सकाळ असते, त्या वेळीं आपल्याकडे मंगळवारची रात्र, साडेदहा-साडेअकराचा सुमार. म्हणजे आपल्या कचेरींत त्यांचा सामना होतो तो बुधवारीं. समजा, वीस संगणकांची एक पतसंस्था आहे. तिच्या व्यवस्थापकानें बुधवारीं फक्त दोन यंत्रांवर तें अपडेट बसवावें. हीं दोन यंत्रें निरुपयोगी, कोपऱ्यांत पडलेलीं नसावींत. एकावर हिशेबाचें सॉफ्टवेअर असावें, दुसऱ्याला पासबुक छापण्याचें यंत्र आणि अध्यक्षांच्या डिजिटल सहीची किल्ली जोडलेली असावी. कारण मोडावयाचें असेल तर नेमकें हेंच मोडतें. गुरुवार-शुक्रवार पाहावें. सर्व सुरळीत असेल तर उरलेल्या अठरांवर शनिवारीं कामकाज संपल्यावर बसवावें. मात्र या फटीचा चोरांनीं आधींच उपयोग चालविला आहे असें कंपनीनें सांगितलें असेल, तर शनिवारची वाट पाहूं नये. यूपीएसची बॅटरी अर्धा तास टिकते कीं नाहीं, हें आधीं पाहून ठेवावें. अपडेट अर्ध्यावर असतां वीज गेली तर यंत्र पुन्हा उठेलच अशी हमी कोणी देत नाहीं, आणि विजेचा भरंवसा आपल्याकडे किती आहे तें मी सांगावयास नको.

याखेरीज एक साधी जाड पुठ्ठ्याची वही हवी. प्रत्येक यंत्राचा क्रमांक, खरेदीचें वर्ष, प्रणालीची आवृत्ति, त्यावरचीं सॉफ्टवेअरें आणि शेवटच्या अपडेटची तारीख तींत लिहावी. कागदावर कां? संगणक बंद पडल्यावर संगणकांतली यादी कोणाच्या उपयोगी पडणार! रोजचें काम करणाऱ्या कारकुनाला व्यवस्थापकाचे अधिकार असलेलें खातें देऊं नये, हेंही त्यांतच आलें.

मोठ्या बदलाला मात्र मुहूर्त पाहावा लागतो. आपल्या जिल्ह्याला हें शिकविण्याची गरज नाहीं. प्रवरानगरला १९५०–५१ च्या सुमारास सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला, तेव्हांपासून आपण पाहत आलों कीं, गाळप चालू असतांना कोणी यंत्रें खोलीत नाहीं. हंगाम संपल्यावर तीं खोलून, पुसून, दुरुस्त करून पुन्हा बसवितात. मग कांट्यावरच्या संगणकाची प्रणाली ऐन डिसेंबरांत, गाड्यांची रांग लागलेली असतांना, कां बदलावी? ती पावसाळ्यांत बदलावी. पतसंस्थेनें मार्चअखेर टाळावी, शाळेनें प्रवेशाचे दिवस टाळावेत.

आतां सध्यां सर्वांत निकडीचा प्रश्न. विंडोज १० ही प्रणाली २०१५ च्या जुलैंत आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिच्या सर्वसाधारण दुरुस्त्या बंद झाल्या. यंत्र पूर्वींसारखेंच चालतें, छपाई होते, पत्रें जातात; म्हणून कोणाला कांहीं जाणवत नाहीं. पण यापुढें सांपडणारी प्रत्येक फट उघडीच राहावयाची. विंडोज ११ घ्यावी, तर तिला यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची व्यवस्था आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यापूर्वींचीं यंत्रें, कितीही धडधाकट असोत, कंपनीच्या नियमांत बसत नाहींत. मुदतवाढ विकत मिळते. संस्थांसाठीं पहिल्या वर्षीं दर यंत्रामागें ६१ डॉलर, आणि पुढें दरवर्षीं दुप्पट, अशी तीन वर्षें. तिसऱ्या वर्षाचा आंकडा मांडून पाहिला, तर नवें यंत्र घेणें परवडलें असें संचालक मंडळालाच वाटूं लागेल.

सगळींच यंत्रें भंगारांत काढावीं असें माझें म्हणणें नाहीं. ज्या यंत्रांवरून पैशाचे व्यवहार होतात आणि ज्यांवर बाहेरचा टपाल येतो, तीं प्रथम बदलावींत. नुसतें टंकलेखन करणारें जुनें यंत्र इंटरनेटपासून तोडून वापरतां येईल, किंवा त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवितां येईल. ती फुकट मिळते, तिची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं एप्रिलांत निघते आणि तिला पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात. आपल्या संरक्षण मंत्रालयानेंही २०२३ मध्यें उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली स्वीकारण्याचें ठरविलें, तेव्हां तिला पोरखेळ समजण्याचें कारण नाहीं. फक्त आपलें हिशेबाचें सॉफ्टवेअर तिच्यावर चालतें कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें. बहुधा उत्तर ‘नाहीं’ असें येतें. आणि ज्या कचेरींत विंडोजची प्रतच विकत घेतलेली नाहीं, कोणा ओळखीच्या पोरानें ‘टाकून दिलेली’ आहे, तेथें अपडेटची भीति बाळगून सारे वावरत असतात. त्यांना माझ्याजवळ दुसरा उपाय नाहीं; प्रत विकत घ्यावी.

विंडोज ११ घेतली म्हणजे गंगेत घोडें न्हालें, असेंही समजूं नये. तिची नवी आवृत्ति दरवर्षीं उत्तरार्धांत येते आणि कचेऱ्यांतून असते त्या प्रो आवृत्तीला दोनच वर्षें दुरुस्त्या मिळतात. २४एच२ हिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, २५एच२ हिची १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत. शिवाय यंत्र सुरूं होतांना प्रणाली अस्सल आहे कीं नाहीं हें ज्या प्रमाणपत्रांवरून तपासलें जातें, त्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपूं लागते. नवीं प्रमाणपत्रें बहुतेक यंत्रांना अपडेटमधूनच मिळावयाचीं आहेत. ज्यांचीं अपडेटें बंद, त्यांना तीं कोण नेऊन देणार?

इतकें सगळें करूनही संकट दुसऱ्याच्या दारानें येऊं शकतें. ३१ जुलै २०२४ रोजीं सी-एज या, छोट्या बँकांना संगणक-सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्यामुळें तिला देशाच्या देवघेवीच्या जाळ्यांतून तात्पुरतें तोडावें लागलें, आणि सुमारें तीनशें सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. म्हणून ठेवीदारानें वार्षिक सभेंत लाभांशाबरोबर हेंही विचारावें कीं, आपली सेवा पुरविणारा आपल्या यंत्रांची डागडुजी केव्हां करतो? आणि आपल्या नोंदींची एक प्रत जाळ्यापासून अगदीं तोडलेली, दुसऱ्या इमारतींत आहे काय? ती प्रत शेवटची केव्हां उघडून पाहिली? कारण प्रत काढणारे पुष्कळ असतात. तिच्यावरून खातीं पुन्हा उभीं करून पाहणारे थोडे.

नवें यंत्र आलें म्हणजे मराठी कचेऱ्यांपुढें आणखी एक अडचण उभी राहते. पंधरा-वीस वर्षांपूर्वींचे ठराव आणि इतिवृत्तें जुन्या फॉन्टांत टंकलेलीं असतात. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला, तर सभेचा ठराव म्हणजे चिन्हांची रांगोळी दिसते. जुनें यंत्र विकण्यापूर्वींच तो मजकूर युनिकोडमध्यें आणून घ्यावा.

नांवांचेंही तसेंच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें आपल्या शहराचें व जिल्ह्याचें नांव अधिकृतपणें अहिल्यानगर झालें. पाटी रंगविणें सोपें. नोंदींच्या कोष्टकांतून नांव बदलणें जपून करावयाचें काम. जुनें नांव सरसकट पुसून त्या जागीं नवें घातलें, तर जुन्या दस्तांशीं असलेला धागा तुटतो. संगणकांच्या जगांत ठिकठिकाणच्या वेळांची जी सर्वमान्य यादी आहे, तींत भारताच्या वेळेला पूर्वीं ‘एशिया/कलकत्ता’ म्हणत, आतां ‘एशिया/कोलकाता’ म्हणतात. पण जुनें नांवही तींत नव्या नांवाला जोडून ठेवलेलें आहे, म्हणून जुने कार्यक्रम अडखळत नाहींत. आपल्या पतसंस्थेंतला १९९८ सालचा कर्जरोखा ‘अहमदनगर’ म्हणून शोधला काय किंवा ‘अहिल्यानगर’ म्हणून शोधला काय, तोच कागद पुढें यावयास हवा.