कोणते कर्जत?



आज आपण मोटारीतल्या एका यंत्राविषयी बोलू. हे यंत्र वाट दाखवते. कुठे जायचे ते त्याला सांगावे लागते. मग ते बोलू लागते, "डावीकडे वळा, उजवीकडे वळा." पुष्कळांच्या मोबाइलमध्येही ही सोय असते. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्याकडं मोटार कुठली?" खरे आहे. पण भाड्याच्या गाडीत आपण बसतोच. आजारी माणसाला नेतो, लग्नाला जातो. म्हणून हे समजून घेतलेले बरे.

आम्ही हे ठेच लागल्यावर शिकलो. ती गोष्ट आधी सांगतो.

माघ महिना होता. पहाटे फोन वाजला. आमची थोरली बहीण वारली होती. आम्ही तिला आक्का म्हणत असू. ती कर्जतला राहायची. हे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले. "अकरापर्यंत वाट पाहतो, या," असा निरोप आला.

आमचे गाव पुण्याजवळ. पुतण्याने गाडी काढली. ही वाट त्याच्या पायाखालची नव्हती. त्याने यंत्राला तोंडाने सांगितले, "कर्जत." काचेवर चार-पाच नावे उमटली. त्याने पहिल्या नावावर बोट ठेवले. आम्ही शेजारीच बसलो होतो. डोळ्यांवर चष्मा होता. पण आम्ही वाचले नाही. मन ठिकाणावर नव्हते. गाडी निघाली आणि थोड्या वेळाने आमचा डोळा लागला.

मागे आमच्या वहिनी बसल्या होत्या. वहिनी उतारवयात अक्षरे शिकल्या, तुमच्यासारख्याच वर्गात. दिसेल ती पाटी वाचायची त्यांना सवय. उजाडले तशा त्या पाट्या वाचू लागल्या. मग आम्हांस हलवून म्हणाल्या, "भाऊजी, लोणावळा आलं. आक्कांच्या गावाला जाताना लोणावळा लागतं का हो?"

आमच्या छातीत धस्स झाले. मंडळी, कर्जत दोन आहेत. एक अहिल्यानगर जिल्ह्यात, पुण्याच्या पूर्वेला. दुसरे रायगड जिल्ह्यात, घाटाखाली. दोन्ही तालुक्याची गावे. यंत्र आम्हांला रायगडच्या कर्जतला नेत होते.

गाडी वळवली. पुन्हा पुणे ओलांडायचे होते. तिथे सकाळची गर्दी लागली. आक्काच्या दारी पोचलो तेव्हा एक वाजला होता. माणसे स्मशानातून परत येत होती.

पुतण्या रडू लागला. आम्ही म्हणालो, "बाळ, चूक तुझी एकट्याची नव्हे." छत्तीस वर्षे आम्ही मुलांना पत्ता लिहायला शिकवले. नाव, गाव, तालुका, जिल्हा. आणि त्या दिवशी नुसते गाव सांगून आम्ही स्वस्थ बसलो.

आता हे यंत्र कसे चालते ते पाहू. आकाशात माणसाने सोडलेले उपग्रह आहेत. त्यांतले पुष्कळ उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. ते सारखे संदेश पाठवतात. यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश घेते. संदेश यायला किती वेळ लागला, यावरून आपण कुठे आहोत ते काढते. पण एक गोष्ट ध्यानात धरा. आपण कुठे आहोत, हे उपग्रहांमुळे कळते. कुठे जायचे आहे, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. ते आपणच नीट सांगितले पाहिजे.

ते कसे सांगावे?

पहिले, गाडी उभी असतानाच सांगावे. गाडी चालवता चालवता काचेवर बोटे फिरवू नयेत. त्यात जीव जाईल.

दुसरे, नुसते गाव सांगू नये. गाव, तालुका, जिल्हा, असे सगळे सांगावे.

तिसरे, काचेवर नावे आली की प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचावी. गावाचे नाव सारखे असते. फरक पुढे असतो.

चौथे, पिन कोड ताडून पाहावा. पिन कोड म्हणजे टपाल खात्याचा सहा आकड्यांचा क्रमांक. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. रायगडच्या कर्जतचा पिन ४१०२०१. अहिल्यानगरच्या कर्जतचा पिन ४१४४०२. गावाचे नाव एक, पण आकडे निराळे. मात्र एका पिनमध्ये अनेक गावे येतात. म्हणून पिनसोबत गावाचे नावही हवेच.

पाचवे, निघण्याआधी यंत्र किती किलोमीटर दाखवते आणि वाटेत कोणती गावे लागतात, ते पाहावे. मनातल्या हिशेबाशी जमले तरच निघावे.

सहावे, वाटेतल्या पाट्या वाचत राहावे. शंका आली की गाडी बाजूला घ्यावी आणि माणसाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आता एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर वही काढा. आपले गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिन लिहा. मग लेकीचा पत्ता लिहा. बहिणीचा लिहा. तालुक्याच्या दवाखान्याचा लिहा. तो कागद खिशात ठेवा. कुठे निघालात की गाडीवाल्याला दाखवा. त्याने यंत्रात घातलेली ओळ स्वतः वाचा. "थांब बाबा, मला वाचू दे," असे म्हणायला लाजू नका.

त्या दिवशी गाडीत आम्ही चौघे होतो. चौघांनाही वाचता येत होते. पण वाचत होत्या त्या एकट्या वहिनीच.

राम राम.