जागा घेताना विजेचं विचारलंत का?

(नगरच्या सावेडी येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



नवा धंदा काढणाऱ्या माणसाची कामांची यादी कधी नीट बघा. आधी सातबारा आणि एनए, मग बँक, मग मशिनरीचं कोटेशन, मग शेडचा मुहूर्त. वीज सगळ्यात खाली. ‘पोल समोरच आहे साहेब, आठ दिवसांत मीटर बसेल.’ इलेक्ट्रिकल कन्सल्टंट म्हणून माझा जन्म नव्या जोडणीचे ए-वन फॉर्म भरण्यात गेला, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. मी वाद घालत नाही. त्या पोलवरची तार कुठल्या डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, येते, ती डीपी किती केव्हीएची आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेसातला तिच्यावर किती ॲम्पिअर असतात, एवढंच विचारतो. समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, की मी त्याच्या मशिनरीऐवजी त्याची पत्रिकाच मागितली.

आमच्या पिढीचं विजेविषयीचं मत भारनियमनानं घडवलं. जून 2005मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास राज्यात विजेचा तुटवडा पडला. नगरच्या खेड्यापाड्यांत लोक दिवसातले किती तास वीज असते ते सांगत, किती तास नसते ते सांगत नसत. तो आकडा मोठा होता. पुण्यात 2006 साली उद्योगांचे स्वतःचे जनरेटर चालवून, त्यांच्या वाट्याची वीज शहराला देऊन भारनियमन टाळण्याचा प्रयोग झाला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते तीसुद्धा विजेमुळेच. सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेऊ नये म्हणून ही वाटणी. त्या काळातून आपण एकच धडा घेतला: वीज नसेल तर जनरेटर घ्या. दुखणं तेव्हा निर्मितीचं होतं, त्यामुळे औषधही बरोबर होतं.

आज दुखणं बदललंय. 30 मे 2024 रोजी देशाची मागणी 250 गिगावॉटवर गेली आणि ती भागवली गेली. महावितरणची उन्हाळी मागणी 25 हजार मेगावॉटच्या घरात जाते, तीही बहुतेक भागते. वीज आहे. पण मुळा धरण भरलं म्हणून तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत पाणी पडतं का? मधल्या नळाचा व्यास किती, हे कुणी बघायचं? आपल्याच जिल्ह्यात बाभळेश्वरला 400 केव्हीचं उपकेंद्र आहे, राज्याच्या पारेषणातलं मोठं ठाणं. तिथून वीज 220, 132 असे टप्पे उतरत 33 केव्हीच्या उपकेंद्रात येते, तिथून 11 केव्हीच्या फीडरवर, फीडरवरून डीपीत आणि डीपीतून तुमच्या मीटरला. या साखळीत जी कडी सगळ्यात अरुंद, तेवढीच वीज तुमची.

हिशेबच करू. समजा गुलमोहर रोडला चार मजली व्यापारी संकुल उभं राहतंय. 30 गाळे, प्रत्येकी 5 किलोवॉट, झाले 150. लिफ्टला 15, पंपाला 5, वरच्या मजल्यावर क्लास आहे, त्याच्या एसींना 40. एकूण 210 किलोवॉट. सगळं एकदम चालत नाही, म्हणून 0.6ने गुणू, 126 किलोवॉट राहिले. पॉवर फॅक्टर 0.9 धरला तर 140 केव्हीए. गल्लीतली डीपी 200 केव्हीएची असेल, तर या एका इमारतीनं तिचा 70 टक्के भाग खाल्ला. आणि त्या डीपीवर आधीपासून शंभरेक घरं आहेत! मग दरवर्षी एप्रिलमध्ये काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. डीओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो, वायरमन येतो, जाड तार टाकून जातो, आणि पुढच्या वेळी डीओ उडत नाही, डीपीच जळते.

या हिशेबात मी गाड्यांचं चार्जिंग धरलेलं नाही. उद्या तळमजल्यावर 60 किलोवॉटचे दोन जलद चार्जर बसवले तर ते 120 किलोवॉट झाले. म्हणजे 3 किलोवॉटची 40 घरं एका रात्रीत गल्लीत राहायला आली. (जाता जाता गंमत सांगतो. सुप्याच्या एमआयडीसीत एसी बनतात, नागापूरच्या एमआयडीसीत स्विचगिअर बनतं. देशभरच्या विजेचा लोड वाढवायचं सामान आणि तो सांभाळायचं सामान, दोन्ही आपलीच माणसं बनवतात.)

आता वेळेचं बघू. 2003च्या वीज कायद्याचं 43वं कलम सांगतं, की अर्ज केल्यापासून महिन्याभरात वीज द्यावी. आमचे लोक हे कलम मोबाइलवर काढून दाखवतात. त्याच कलमात पुढे लिहिलंय ते कुणी वाचत नाही: वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवं उपकेंद्र लागत असेल, तर मुदत वेगळी. मोठा लोड मागणाऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच लागतं. फिजिबिलिटी, एस्टिमेट, मंजुरी, पैसे भरणं, ठेकेदार, ट्रान्सफॉर्मर, रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी, शेवटी विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि वाहिनीत वीज सोडणं. काम स्वतःच्या खर्चानं, म्हणजे डीडीएफमध्ये, करून घेतलंत तरी 1.3 टक्के सुपरव्हिजन चार्ज भरून याच पायऱ्या चढायच्या. शेड सहा महिन्यांत होते, उपकेंद्र होत नाही. मोठ्या वाहिनीची गोष्ट तर सोडाच. मुंबईत जादा वीज आणणारी खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षं कागदावर राहिली. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई अंधारात गेली तेव्हाही ती नव्हती. सुरू झाली 2023 साली.

हे फक्त आपल्याकडचं ढिसाळपण समजू नका. नेदरलँड्ससारख्या टापटीप देशात जून 2022मध्ये तिथल्या पारेषण कंपनीनं दक्षिणेच्या दोन प्रांतांत मोठ्या ग्राहकांची नवी जोडणी थांबवली. ग्रिडमध्ये जागाच उरली नव्हती. कारखानदार पैसे घेऊन उभा आहे, वीज निर्माण होतेय, आणि तार भरलेली आहे. डब्लिनच्या आसपास डेटा सेंटरांनी अशीच जागा अडवली. मोठे ट्रान्सफॉर्मरही आज ऑर्डर दिली की उद्या मिळत नाहीत. जगभर त्यांच्यासाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

हे ऐकून काही हुशार मंडळी उलट टोकाला जातात. ‘मग आत्ताच 500 केव्हीए मागून ठेवतो.’ थांबा. उच्चदाबाच्या बिलात वापर नसला तरी करारातल्या मागणीचा ठरावीक हिस्सा भरावाच लागतो. तो 70 टक्के आणि आकार दर केव्हीएला 600 रुपये धरू. 500 मागून 200च वापरलेत, तर 350चं बिल येणार. न वापरलेल्या 150 केव्हीएचे महिन्याला 90 हजार रुपये. आणि कमी मागून जास्त ओढलंत, तर जादा मागणीला दीडपट आकार. तेव्हा पाच वर्षांचा लोड कागदावर मांडा, फिजिबिलिटी पूर्ण लोडची विचारा, करार मात्र टप्प्याटप्प्यानं वाढवा. माझ्या मते सल्लागाराला पैसे देण्यासारखं काम काय असेल तर ते हेच. फॉर्म काय, कुणीही भरतं.

छतावर सोलर टाकला की सुटलो, असंही वाटतं. राज्याच्या 2019च्या नियमांत एका डीपीवर किती सोलर जोडायचा याला डीपीच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे सोलरलाही तारेत जागा लागते, आणि पहिला येतो त्याला ती मिळते. शिवाय स्वस्त विजेची वेळ सरकतेय. पूर्वी उद्योगाला रात्री 10 ते सकाळी 6 सवलत होती, म्हणून भट्ट्या रात्री पेटायच्या. आता सवलत दुपारच्या उन्हाच्या तासांकडे आली आहे. दर बदलतील, वाद कोर्टात जातील. पण जी मशिनरी दुपारी चालवता येते ती दुपारी चालवायची सोय आत्ता, मांडणी करतानाच ठेवा.

एक गोष्ट एकट्यानं होत नाही. महावितरणला पुढचं उपकेंद्र कुठे हवं ते कळणार कसं? आलेल्या अर्जांवरून. आणि अर्ज येतो शेड झाल्यावर! या जिल्ह्याला एकत्र येऊन वीज आणण्याची सवय नाही असं म्हणता येणार नाही. श्रीरामपूरच्या बाजूला मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनं 2011च्या जानेवारीपर्यंत स्वतःच्या परवान्यावर वीज वाटली. पुढे ती थकबाकीच्या वादात अडकली आणि परवाना गेला, हेही तितकंच खरं. आपल्याला संस्था काढायची नाही. उद्योजक संघटनांनी, हॉस्पिटलवाल्यांनी, बिल्डरांनी आपापला पुढच्या पाच वर्षांचा लोड एका तक्त्यात लिहून दरवर्षी अधीक्षक अभियंत्यांना द्यावा, एवढंच. पाइपलाइन रोडला आज फूटपाथवर डीपी उभ्या आहेत, कारण ले-आउट पाडताना डीपीसाठी कुणी दोन गुंठे सोडले नाहीत. शेतीचं गणित मात्र सरकारनं पुढचं बघून मांडलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीची सुरुवात 2017 साली आपल्या राळेगणसिद्धीतून झाली, दिवसाच्या पंपांसाठी दिवसाचीच वीज. व्यापाऱ्यांसाठी असं कोण मांडतंय?

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, मग तारांची चिंता कशाला?’ प्रश्न चांगला आहे. वीज साठवण्याचं मोठं काम अकोले तालुक्यातच चालतं. घाटघरला वरच्या तलावात पाणी चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. 250 मेगावॉटचं ते केंद्र 2008पासून चालू आहे. बॅटरी तेच छोट्या प्रमाणावर करते. दुपारी भरा, संध्याकाळी वापरा, तुमची कमाल मागणी समजा 200 केव्हीएवरून 160वर येईल. पण दुपारी तुमची मशिनरी चालू असताना बॅटरी भरायला जे 40-50 किलोवॉट लागतील, तेही त्याच डीपीतून येणार. म्हणून बॅटरीचं कोटेशन घेण्याआधी डीपीवरची पाटी वाचा आणि शाखा अभियंत्यांकडून तिच्यावरच्या दुपारच्या लोडचा आकडा घ्या. चिठ्ठी पाठवणारे व्याख्यानानंतर भेटले, तर त्यांचा तक्ता आपण इथेच बसून करू.