सीमोल्लंघनाची सिद्धता

(परदेशी शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



१८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. पती गोपाळराव सोबत नव्हते. निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे भरलेल्या सभेत त्यांनी आपण का जात आहोत हे स्वतः सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार जाहीर केला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. ही अर्धी कथा आपण अभिमानाने सांगतो. उरलेल्या अर्ध्या कथेवरून मात्र घाईने पुढे जातो. तेथील थंडीने आणि न मानवणाऱ्या आहाराने त्यांची प्रकृती ढासळली, क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. निर्धारात काडीचेही उणे नव्हते. शरीर सांभाळण्याची साधने त्या काळी हाताशी नव्हती.

आज साधने आहेत, माहितीही आहे. तरीही घरोघरी दिसते ते असे की, महिनाभर आधीपासून २३ किलोच्या दोन बॅगांचे वजन होते, मेतकूट आणि लोणच्याच्या पुड्या बांधल्या जातात, कुकरची जादा शिटी आठवणीने घेतली जाते. आणि प्रवेशपत्र, शुल्काची पावती, व्हिसाचा अर्ज या सर्वांची माहिती असते ती एजंटाला, फार तर वडिलांना. ज्याच्या नावाने हे कागद निघाले तो मुलगा ते प्रथम वाचतो विमानतळाच्या रांगेत.

याची किंमत काय असते हे पाहावे. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात फार्मिंग्टन नावाच्या विद्यापीठाचे प्रकरण उघडकीस आले. तेथे ना वर्ग होते, ना प्राध्यापक. ते विद्यापीठ गैरव्यवहार पकडण्यासाठी अमेरिकी तपास यंत्रणेनेच उभारले होते. त्या वेळी ताब्यात घेतलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. त्यांतील काहींना नियमभंग ठाऊक असेलही; परंतु जेथे एकही वर्ग भरत नाही तेथे शुल्क कशाचे, हा प्रश्न विचारायला कोणत्या कायद्याची पदवी लागते? २०२३ मध्ये कॅनडात तर शिक्षण पूर्ण करून नोकरीला लागलेल्या भारतीय तरुणांना कळले की, वर्षांपूर्वी ज्या प्रवेशपत्रावर व्हिसा मिळाला ते पत्रच बनावट होते. फसवणूक एजंटाने केली; देश सोडण्याची टांगती तलवार आली ती विद्यार्थ्याच्या डोक्यावर. अर्जाखाली सही त्याची होती.

यावरचा उपाय अवघड नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन या देशांची सरकारे परदेशी विद्यार्थी घेण्यास मान्यता असलेल्या संस्थांची यादी स्वतः प्रसिद्ध करतात. त्या यादीत संस्थेचे नाव विद्यार्थ्याने स्वतः शोधावे. अर्जावर दिलेला ई-मेलचा पत्ता आणि त्याचा पासवर्ड स्वतःचाच असावा, एजंटाच्या कार्यालयाचा नव्हे. एवढ्या एका सावधगिरीने निम्मी फसवणूक टळेल. प्रवेशपत्र हाती आल्यावर विद्यापीठाला थेट पत्र लिहून ते खरे असल्याची खात्री करावी. एजंटाची मदत घेण्यात गैर काही नाही. आपली बुद्धी त्याच्याकडे गहाण टाकण्यात आहे.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानकडे निघालेल्यांनी तर अधिकच जागरूक असावे, कारण येथे अनेकदा शेतजमीन तारण पडलेली असते. परत येऊन भारतात वैद्यकी करायची तर आधी नीट उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी आणि त्या देशातही वैद्यकीचा परवाना मिळण्यास ती पदवी पात्र हवी. ‘तिकडे गेल्यावर पाहू’ हे उत्तर ज्या माहितीपत्रकात असेल ते तेथेच मिटावे.

युक्रेनचा अनुभव फार जुना नाही. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी आपल्या दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा असे कळवले होते. उपस्थिती बुडेल, तिकीट महाग आहे, म्हणून पुष्कळजण थांबले. २४ तारखेला युद्ध पेटले. ‘ऑपरेशन गंगा’द्वारे सुमारे २२,५०० भारतीय सुखरूप परतले, याचा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा. तथापि सुमी शहरात अडकलेल्या सुमारे ७०० विद्यार्थ्यांना ८ मार्चपर्यंत वाट पाहावी लागली; बर्फ वितळवून पाणी पिण्याची वेळ त्यांच्यावर आली. परक्या देशात पोहोचताच पहिल्या आठवड्यात भारतीय दूतावासाकडे नाव, पत्ता नोंदवणे हे कंटाळवाणे काम नव्हे, हे त्यांना विचारावे. पारपत्र आणि थोडी रोख रक्कम नेहमी हाताशी असावी.

आता पैशांविषयी. जर्मनीने विद्यार्थ्याच्या खात्यात आगाऊ ठेवावयाची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो केली. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. ही किमान रक्कम आहे; म्युनिकसारख्या शहरात घरभाड्यातच तिचा मोठा भाग जातो. ‘काम करून भागवू’ या भरवशावर अंदाजपत्रक आखू नये, कारण कामाच्या तासांना मर्यादा असते. अमेरिकेत पहिल्या वर्षी सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आणि आठवड्याला २० तासच काम करता येते. मर्यादा ओलांडून रोखीत मिळवलेले चार डॉलर व्हिसाच घालवून बसतात. जे काम नियमात बसते ते करताना मात्र लाज नसावी. संघाच्या वर्गात कारखानदाराचा मुलगाही आपले ताट स्वतः घासतो. ज्या घरात मुलाने कधी पाण्याचा पेला उचलला नाही त्या घराने निदान जाण्याआधीचे तीन महिने त्याला स्वयंपाकघर, कपडे आणि बाजारहाट सोपवावी.

सामानाविषयी एकच. आजीने मायेने दिलेले अनारसे दुबईमार्गे जात असतील तर त्यांवर खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. खोकल्याच्या साध्या वाटणाऱ्या काही औषधांचेही तसेच आहे. औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे, चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. अन्नपदार्थ विचारल्यास लपवू नयेत.

नियमांचे गांभीर्यही समजून घ्यावे. जून २०२५ पासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्जदाराला आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांसाठी खुली ठेवावी लागतात. त्याआधी एप्रिलमध्ये तेथे हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक रद्द झाल्या. काहींच्या बाबतीत कारण होते वाहतुकीचा किरकोळ गुन्हा. न्यायालयात दाद मागितल्यावर नोंदी पूर्ववत झाल्या, पण ते आठवडे त्या मुलांनी कसे काढले असतील! आणि निसर्गही परका असतो. जून २०२४ मध्ये रशियात व्होल्खोव नदीत भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले; जळगाव जिल्ह्यात शोककळा पसरली. अनोळखी, थंड पाण्यात उतरू नये हे आईने सांगायचे राहून जाते, कारण तिला ती नदी ठाऊकच नसते.

राहण्याच्या जागेची अडचणही जुनीच. लंडनमध्ये हिंदी विद्यार्थ्यांना खोली मिळणे कठीण, म्हणूनही श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये ‘इंडिया हाऊस’ उभारले. पुढच्याच वर्षी तात्याराव सावरकर तेथे आले. आज हिंदू स्वयंसेवक संघाच्या शाखा आणि ठिकठिकाणची महाराष्ट्र मंडळे आहेत. निघण्यापूर्वी तेथील एका तरी कुटुंबाशी परिचय करून घ्यावा. मात्र आपल्याच माणसांच्या खोलीत कोंडून घेऊन पदवी आणायची, तर एवढा खर्च कशाला? तेथील वर्गमित्र आपल्या धर्माविषयी, जातिभेदाविषयी विचारतील. चिडूही नये, खजीलही होऊ नये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच विषयावर १९१६ मध्ये तेथे निबंध वाचला. तो वाचून जावे.

राहता राहिले पालक. निघण्याआधीच्या रविवारी चहा झाल्यावर मुलाने किंवा मुलीने सारे कागद घेऊन बसावे आणि प्रत्येक कागद कशाचा, त्याची मुदत केव्हा संपते, अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, हे आईवडिलांना समजावून सांगावे. वडिलांनी मध्ये बोलू नये. तो जेथे अडखळेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. आणि सोमवारी सकाळी त्याविषयी विद्यापीठाला पत्र लिहावे, तेही त्यानेच.