मोटारीमागची होडी

होडी पाण्यावर चालते, हें लहान मुलालाही ठाऊक असतें. परंतु तीच होडी दोन चाकांवर बसून भर रस्त्यानें ताशीं पन्नास मैलांच्या वेगानें जाते, आणि तिला ओढणारी मोटार म्हणजे घरांतील चार माणसांना बाजारांत नेणारी साधी कौटुंबिक मोटारच असते, हें मीं प्रथम पाहिलें तें २०२३ च्या उन्हाळ्यांत, इंग्लंडांतील लेस्टर शहरीं, माझ्या मुलीच्या घरीं. त्या वेळीं माझ्याच हातून एक चूक घडली, आणि ती आम्हां चौघांच्या जिवावर बेतली असती. ती चूक कोणती, ती कां घडली आणि ती कशी टाळावी, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. मी शाळामास्तर, माझें विज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापुढें गेलेलें नाहीं. परंतु त्या दिवशीं आम्हांस जें ज्ञान उणें पडलें, तें मॅट्रिकच्या पुस्तकांतलेंच होतें.

आपल्याकडे शिडाची होडी म्हटली कीं ती समुद्रकांठींच असावयाची, अशी समजूत आहे. इंग्लंडांत तसें नाहीं. तेथें पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबें लहानशी होडी घराच्या अंगणांत ठेवतात. बंदरांत ती वर्षभर बांधून ठेवण्याचा खर्च वांचतो, आणि आज हें सरोवर तर पुढील महिन्यांत समुद्रकिनारा, असें जेथें मनांत येईल तेथें तिला नेतां येतें. माझ्या जांवयांची होडी 'वेफेअरर' जातीची आहे. या शब्दाचा अर्थ वाटसरू. इयन प्रॉक्टर या नौकारचनाकारानें १९५७ सालीं तिचा आराखडा केला. लांबी १५ फूट १० इंच, आणि नुसत्या सांगाड्याचें वजन सुमारें १७० किलो. दिसावयास ती खेळण्यासारखी. पण १९६३ सालीं फ्रँक डाय नांवाचा गृहस्थ एका सोबत्यासह याच जातीच्या उघड्या होडींतून स्कॉटलंडहून आइसलंडला पोहोंचला होता.

अशी होडी ओढावयास मोटार दणकट हवी, असा माझा समज होता. जांवईबापूंनीं कागद पुढें ओढून मला हिशेब करून दाखविला. सांगाडा, डोलकाठी, शिडें, सुकाणू, खालचा ट्रेलर, होडी पाण्यांत उतरविण्याची ढकलगाडी आणि किरकोळ सामान मिळून सारा भार चारशें किलोंच्या आसपास भरला. त्यांची मोटार तेराशें किलोंची. ज्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाहीं, त्याचें भरलेलें वजन मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असूं नये, आणि कोणत्याही परिस्थितींत ७५० किलोंपलीकडे जाऊं नये, असा ब्रिटनमधील नियम आहे. तेराशेंचें निम्में साडेसहाशें. म्हणजे आम्ही मर्यादेच्या बरेच आंत होतों. मात्र मोटारीची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असूं शकते. ती मोटारीच्या पुस्तिकेंत छापलेली असते, आणि कांहीं मोटारींना तर ओढण्याची परवानगीच नसते. तेव्हां पहिला धडा हा कीं, अंदाज करूं नये, पुस्तिका वाचावी. आणि होडी कोरडी व रिकामी असतांनाचें वजन धरूं नये, भरल्या ट्रेलरचें धरावें.

मोटारीच्या मागें पोलादी दांडा बसविलेला असतो व त्यावर पन्नास मिलिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. ट्रेलरच्या टोंकाची वाटी त्या गोळ्यावर बसते आणि खटका पडतो. तो खरोखर पडला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं दांडी धरून वर उचलावी. मोटारीचें मागचें अंग किंचित् उचललें गेलें, तर पकड बसली असें समजावें. त्याशिवाय एक साखळी अडकवावी लागते. गोळ्यावरून वाटी निसटलीच तर ट्रेलर रस्त्यावर मोकाट सुटूं नये म्हणून. होडीच्या मागें दिव्यांची पाटी बांधतात. तिच्यावर मोटारीचाच क्रमांक, लाल दिवे आणि लाल त्रिकोण असतात. डोलकाठी होडीहून लांब असल्यामुळें तिच्या टोंकाला लाल फडकें बांधलें. होडी पट्ट्यांनीं ट्रेलरला आवळली. हें सर्व जांवईबापूंनीं स्वतःच्या हातानें केलें, आणि तें निर्दोष होतें.

दोष माझा. मुलगी शिदोरी बांधीत होती, नात शिडाची गुंडाळी घेऊन नाचत होती, आणि रिकामा बसलेला मीच होतों. तेव्हां मीं आपणहून उरलेलें सामान भरण्याचें काम घेतलें. लहानसें इंजिन, नांगर व त्याची साखळी, पाण्याचा मोठा डबा, कपड्यांच्या दोन पिशव्या. होडीचें मागचें अंग मला सोयीचें पडलें. वांकावें लागेना, वर चढावें लागेना. तेथेंच सर्व नीट रचून, वर ताडपत्री ओढून मीं दोरी बांधली. जांवईबापू म्हणाले, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मला मोठें समाधान वाटलें. ताडपत्रीखालीं काय कोठें आहे, हें त्यांनीं विचारलें नाहीं आणि मींही सांगितलें नाहीं.

आम्हांस जावयाचें होतें रटलंड वॉटर या जलाशयावर. १९७० नंतरच्या दशकांत धरण बांधून तो निर्माण केलेला आहे, आणि त्याच्या कांठावर नॉर्मंटन गांवचें जुनें चर्च अर्धें भरावांत बुडालेलें उभें आहे. लेस्टरहून पूर्वेकडे जाणारा ए-४७ नांवाचा रस्ता चढउतारांचा आहे. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला अशा एकेरी रस्त्यावर ताशीं पन्नास मैलांची मर्यादा असते, आणि आम्ही ती ओलांडलेली नव्हती. एका उतारावर समोरून एक मोठी मालमोटार आली. तिच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि मागून कोणीतरी मोटारीचें शेपूट धरून हलवावें, तसें वाटलें. एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, मग पुन्हां डावीकडे, आणि प्रत्येक वेळीं अधिक जोरानें. मीं मागें वळून पाहिलें, तों होडी रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेषेवर आलेली! नात माझ्या शेजारीं होती. ती हंसत होती. तिला तो झोपाळा वाटला. मला मात्र घाम फुटला.

जांवईबापूंनीं तोंडांतून शब्द काढला नाहीं. त्यांनीं वेगाच्या पट्टीवरून पाय उचलला, दोन्ही हातांनीं चाक सरळ धरलें, आणि ब्रेकला पाय लावला नाहीं. उतार संपतां संपतां वेग पस्तीसावर आला आणि ते झोके जसे आले तसे आपोआप शमले. पुढें रस्त्याकडेच्या थांब्यावर मोटार उभी करून त्यांनीं ताडपत्री उचलली. आंत पाहून त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि फार हळू आवाजांत विचारलें, "बाबा, हें सगळें मागें ठेवलंत?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाचें उत्तर माझ्या बालपणांतच होतें. गांवीं बैलगाडींत कडबा भरतांना आमचे वडील मागें फार रचूं देत नसत. मागें भार झाला कीं गाडी उलाळ होई, जूं वर उचललें जाई आणि बैलांच्या गळ्याला फांस बसे. पुढें फार भरली तर सारें ओझें त्यांच्या मानेवर येई. म्हणून आंसाच्या दोन्ही बाजूंस तोल साधून, किंचित् भार पुढें ठेवावयाचा. दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे तीच बैलगाडी. तीच तरफ, तोच टेंकू. फरक एवढाच कीं, बैल उलाळ गाडी ओढीत नाहीं, थांबतो. मोटार थांबत नाहीं, आणि वेग वाढेपर्यंत दोष लपून राहतो.

तो कसा, तेंही सांगतों. गोळ्याला अडकविलेला ट्रेलर हा आडव्या झुलणाऱ्या लंबकासारखा असतो. वाऱ्यानें किंवा खांचेनें त्याला धक्का बसला कीं तो झुलतो. गोळ्यावर पुरेसा दाब असेल आणि वेग बेताचा असेल, तर चाकांचें घर्षण तो झोका दोनचार हेलकाव्यांत मारून टाकतें. दाब कमी असेल, जड वस्तु टोंकाला असतील, तर एका विशिष्ट वेगापलीकडे झोका मरण्याऐवजीं वाढत जातो. अशा वेळीं घाबरून चाक उलटसुलट फिरविणें म्हणजे झोपाळ्याला आपणच धक्का देणें होय. जोरानें ब्रेक लावावा, तर मागचा भार पुढें रेटला जाऊन मोटार व ट्रेलर कात्रीसारखीं मिटण्याचा धोका. वेग वाढवून तो झोका ताणून काढावा, असें कोणी सांगतात. तेंही ऐकूं नये. वेग उतरूं द्यावा, हात स्थिर ठेवावे, हाच उपाय.

तेथें आम्ही सर्व जड सामान मोटारींत आणि आंसाच्या किंचित् पुढें हलविलें. पुढील सर्व प्रवासांत ट्रेलर मेंढरासारखा मागून आला. परतल्यावर माझें मन स्वस्थ बसेना. अंगणांत, मुलीच्या न्हाणीघरांतील वजनाचा कांटा घेऊन त्यावर गोळ्याच्या उंचीचा लांकडी ठोकळा ठेवला, आणि ट्रेलरची दांडी वर टेंकवून दाब मोजला. सामान मीं प्रथम रचलें होतें तसें मागें ठेवलें, तेव्हां कांटा दोन किलो दाखवी. तेंच सामान आंसाच्या पुढें ठेवलें, तेव्हां अठ्ठावीस. एकूण भाराच्या पांच ते सात टक्के दाब गोळ्यावर असावा, असा तेथील सर्वसाधारण सल्ला आहे. शिवाय तो मोटारीच्या पुस्तिकेंतील मर्यादेबाहेर जाऊं नये. सामान तेंच, वजन तेंच. केवळ सात फुटांच्या हलवाहलवीनें एवढा फरक!

पाण्याकांठच्याही दोनतीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. दूर चालून आलेल्या चाकांचे तुंबे तापलेले असतात. तसेच ते थंड पाण्यांत बुडविले, तर आंतील हवा आकसून पाणी आंत ओढलें जातें व आंतल्या गोळ्या गंजतात. म्हणून शहाणे लोक ट्रेलर कोरडाच ठेवतात आणि होडी लहान ढकलगाडीवरून पाण्यांत सोडतात. डोलकाठी उभी करण्यापूर्वीं वर विजेच्या तारा नाहींत ना, हें पाहणें तर अत्यावश्यक; धातूची डोलकाठी तारेला लागली तर माणूस वांचत नाहीं. आणि ट्रेलर मागें घेण्याची कला रिकाम्या मैदानांतच शिकावी. चाकाच्या तळाशीं हात धरावा. ट्रेलर ज्या बाजूस न्यावयाचा, त्या बाजूस हात न्यावा. ट्रेलर जितका आंखूड, तितका तो चटकन् वांकडा होतो, म्हणून हात अगदीं थोडा हलवावा.

ब्रिटनमध्यें १९९७ पासून परवाना घेणाऱ्यांस जड ट्रेलरसाठीं वेगळी परीक्षा द्यावी लागे. डिसेंबर २०२१ पासून ती अट उठली आहे. सरकारनें परीक्षा माफ केली, म्हणून तरफेचा नियम माफ होत नाहीं. आपलीं मुलें आज दूर देशीं असे नवे छंद करतात. आपण पाहुणे म्हणून जातों, आणि प्रेमानें कामाला हात लावतों. हात अवश्य लावावा. परंतु काय कोठें ठेवलें, हें चालविणाऱ्यास सांगावें. आणि चालविणाऱ्यानेंही, वडील माणसाचा संकोच न धरतां, ताडपत्री उचलून पहावी.

दुसऱ्या दिवशीं नातीनें विचारलें, "आजोबा, होडी पुन्हां नाचणार का?" मीं म्हटलें, "नाहीं बाळ, आज तिचें सामान तुझ्या बाबांनीं आणि मीं मिळून भरलें आहे."