लहान गोठा आणि वळूची निवड



दोन-तीन गायी बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी वळू क्वचितच असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातून येणारी रेतमात्रा हाच त्याचा वळू. ती कोणत्या जातीची असावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु या निवडीचे फळ फार उशिरा हाती येते. गर्भकाळाचे नऊ महिने आणि कालवड वाढून विण्यास लागणारी सुमारे तीन वर्षे जमेस धरली, तर निवड चुकल्याचे कळेपर्यंत जवळजवळ चार वर्षे निघून जातात. अल्पभूधारकाला हा तोटा सोसवणारा नसतो.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश होता. त्यापैकी १४.२१ कोटी देशी व गावठी, तर ५.०४ कोटी विदेशी व संकरित होता. गावठी गाय उष्मा, गोचीड आणि चाऱ्याची टंचाई सोसते, पण दूध कमी देते. विदेशी गाय भरपूर दूध देते, पण तिच्या गरजाही मोठ्या असतात. या दोहोंचा मेळ घालणे, हा संकराचा हेतू होय.

होल्स्टिन की जर्सी?

होल्स्टिन फ्रिजियनचे दूध अधिक, परंतु त्यातील स्निग्धांश कमी असतो. तिचा देह मोठा असल्याने चारा-पाणीही अधिक लागते आणि उष्म्याचा तिला त्रास होतो. जर्सी आटोपशीर बांध्याची असते. तिचे दूध तुलनेने कमी, पण स्निग्धांश अधिक असतो. म्हणूनच सिंचनाची व हिरव्या चाऱ्याची सोय असलेल्या सपाट प्रदेशात होल्स्टिन, तर डोंगराळ व साधने तोकडी असलेल्या भागात जर्सी, असे धोरण सर्वसाधारणपणे स्वीकारले गेले आहे. गायीचा बांधाही पाहावा लागतो. लहानखुऱ्या गायीच्या पोटी होल्स्टिनचे मोठे वासरू वाढले, तर ती अडण्याचा धोका असतो.

दुसऱ्या पिढीचा प्रश्न

पहिल्या पिढीतील कालवडीत विदेशी रक्ताचे प्रमाण ५० टक्के असते आणि संकराचा जोमही सर्वाधिक असतो. खरी कसोटी यापुढे लागते. तिला पुन्हा विदेशी वळूचे रेतन केले, तर हे प्रमाण ७५ टक्क्यांवर आणि त्यापुढील पिढीत ८७.५ टक्क्यांवर जाते. त्याबरोबर काटकपणा घटतो, गोचीडतापासारखे आजार बळावतात आणि औषधोपचाराचा खर्च वाढतो. यासाठी विदेशी रक्त साधारणपणे ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान राखण्याची शिफारस केली जाते. त्याकरिता पुढील पिढीस निवडक संकरित वळू वापरावा लागतो. केरळमधील सुनंदिनी, कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतील करण फ्राइज आणि राहुरी कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी ही अशा स्थिर संकरासाठी झालेल्या प्रयत्नांची उदाहरणे होत.

देशी वळूचा पर्याय

प्रत्येक गोठ्यास विदेशी रक्त हवेच, असे नाही. गावठी गायीस गीर, साहिवाल, लाल सिंधी यांसारख्या दुधाळ देशी जातींचे पिढ्यान्‌पिढ्या रेतन केल्यास सुधारित रक्त ५०, ७५, ८७.५ टक्के असे वाढत जाते. दुधातील वाढ येथे सावकाश होते, पण काटकपणा टिकतो. शिवाय अशा संकरातील नर वासरू वशिंडामुळे जुवाखाली चालते. संकरित नराला उन्हात काम झेपत नाही आणि तो मालकावर भार होतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ अभियानाने देशी जातींच्या संवर्धनावर भर दिला. लिंगनिश्चित रेतमात्रेमुळे सुमारे ९० टक्के कालवडी मिळू शकतात. त्यामुळे नर वासरांचा प्रश्न बराच सौम्य होतो.

जातीइतकेच महत्त्व प्रत्यक्ष वळूलाही आहे. एकाच जातीच्या दोन वळूंच्या मुलींच्या दुधात मोठी तफावत असू शकते. म्हणून मुलींच्या दूधनोंदींवरून पारखलेल्या वळूची रेतमात्रा घ्यावी. बापाचेच रेत मुलीस दिले जाऊ नये, यासाठी प्रत्येक रेतनाच्या वेळी वळूचा क्रमांक लिहून ठेवावा. अनेक गोठ्यांत ही साधी नोंदही नसते.

सारांश, अधिक दूध देणारी जात कोणती, हा प्रश्न अपुरा आहे. आपल्या चाऱ्यावर, आपल्या हवामानात आणि आपल्या खर्चात पोसली जाईल अशी कालवड कोणता वळू देईल, असे विचारले पाहिजे. देशभर एकच जात सुचवणारे धोरण या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. ते प्रदेशागणिक आणि गोठ्यागणिक शोधावे लागेल.