साथीची सज्जता : खाटांपलीकडचा हिशेब
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



पुढील महासाथीसाठी आपल्या रुग्णालयाचा आराखडा तयार करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. प्राणवायूचा साठा, विलगीकरण कक्ष, औषधे यांची मोजदाद त्यात आहेच. परंतु एक प्रश्न आम्हांला सतावत राहिला : या खाटांपर्यंत पोहोचणार कोण?

साथ सर्वांना समान लेखते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. 1918 च्या इन्फ्लुएन्झात मुंबईतील युरोपीयांचा मृत्युदर हजारी सुमारे 8 होता. तत्कालीन नोंदींनी ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले, त्यांचा हजारी 61 हून अधिक. रोग एकच होता. घर, अन्न आणि शुश्रूषा निराळी होती. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांतील रक्ततपासणी सर्वेक्षणात झोपडपट्टीतील सुमारे 57 टक्के, तर इतर वस्तीतील सुमारे 16 टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे आढळली. सामायिक शौचालय वापरणाऱ्यास ‘अंतर राखा’ असे सांगणे सोपे, पाळणे अशक्य. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटाच्या लसीकरणास आरंभी ऑनलाइन पूर्वनोंदणी आवश्यक होती. ज्याच्या हाती स्मार्टफोन नव्हता, त्याची वाट तेथेच अडली.

मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतात. साथीत तात्पुरते कक्ष उघडावे लागले, तर हेच प्रमाण तेथेही कायम राहावे, असे आम्ही आराखड्यात नमूद करीत आहोत. उपचार आधी, उत्पन्नाचा दाखला नंतर. नोंदणी दूरध्वनीवर आणि प्रत्यक्ष दारातही व्हावी. संरक्षक साहित्य सफाई कामगारास डॉक्टरांइतकेच मिळावे.

यातील अडचण आपणांपासून लपवून ठेवणे योग्य नव्हे. निर्धन रुग्ण निधीत रुग्णालयाच्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम जमा होते. साथीत नियोजित शस्त्रक्रिया थांबतात, तेव्हा ही जमा आटते. आणि नेमक्या त्याच वेळी रोजगार बुडालेल्यांची संख्या वाढते. म्हणजे गरज सर्वाधिक, तेव्हा निधी सर्वांत कमी.

म्हणून साथ नसतानाच स्वतंत्र राखीव निधी उभारावा, असा प्रस्ताव आम्ही या सभेपुढे ठेवीत आहोत. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात देह ठेवला. त्या परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी एवढी तजवीज तरी वेळेपूर्वी करून ठेवली पाहिजे.

आपण तो प्रस्ताव मान्य कराल, असा विश्वास आहे.