मागे पडलेल्यासाठी थांबा

(सायकल सहलीस निघालेल्या युवकांसमोर नांदेड येथे केलेले भाषण)



डिसेंबर १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ अभियानातील तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने सायकलींवर निघाले. मेरुदंडाच्या व्याधीमुळे बाबा आमटे यांना बसणेही अशक्य होते. तरी एकाहत्तराव्या वर्षी, वाहनात आडवे पडून ते सोबत राहिले. सहप्रवास म्हणजे समान वेग नव्हे, समान निर्धार होय.

आपण लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला आणि पुढे किल्लारीला निघाला आहात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेला तो परिसर देशभरातून आलेल्या मदतीने पुन्हा उभा राहिला. मोटारीतून गावे नुसती दिसतात. सायकलवरून उतरले की गावकऱ्यांशी बोलता येते. तेथे अवश्य उतरा, ऐका.

बालाघाटाच्या चढावर जो मागे पडेल, त्याच्यासाठी थांबा. त्याला सोडून आधी पोहोचण्यात पुरुषार्थ नाही.

आपला प्रवास सुखरूप होवो!